विश्लेषण : अडीचशे वर्षांपूर्वीची थंडीची लाट आणि अंगणातले पक्षी... गिल्बर्ट व्हाइट यांच्या नोंदवहीत काय आहे?

डिसेंबर उजाडला की निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. त्याच पहाटे महाबळेश्वर गावातल्या वेधशाळेचा पारा मात्र शून्याच्या बराच वर असतो. एवढ्याशा अंतरात थंडीत इतका फरक कसा, हा प्रश्न डिसेंबर १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकालाही पडला होता. त्याने तो नुसता बोलून सोडला नाही, दोन ठिकाणचे थर्मामीटर एकमेकांशी ताडून पाहिले. अशा कडक थंडीत अंगणातले पक्षी काय खातात, कुठे दडतात आणि किती मरतात, हेही त्याने लिहून ठेवले. त्याचे नाव रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट. एका घराच्या अंगणातून केलेले हे निरीक्षण आजही का वाचले जाते, याविषयी...

गिल्बर्ट व्हाइट कोण होते?

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न या गावी, आजोबांच्या घरी झाला. आजोबा तिथल्या चर्चचे प्रमुख धर्मोपदेशक होते. लंडनपासून साधारण पन्नास मैलांवरचे हे गाव. मागे बीच वृक्षांनी झाकलेली उभी टेकडी, खाली खोलगट वाटा आणि ओलसर शेतजमीन. १७८३ मध्ये व्हाइट यांनी गावची माणसे मोजली तेव्हा ती ६७६ भरली.

शिक्षण ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात झाले. १७४४ मध्ये ते तिथले फेलो झाले आणि पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. त्यांना मोठ्या हुद्द्याची संधी नव्हती असे नाही, पण सेलबोर्न सोडवेना. अडचण अशी की सेलबोर्नच्या प्रमुख धर्मोपदेशकाची नेमणूक करण्याचा हक्क ऑक्सफर्डच्याच मॅग्डालेन कॉलेजकडे होता आणि व्हाइट पडले ओरिएलचे. त्यामुळे ज्या चर्चमध्ये आजोबा मुख्य होते, तिथे नातू आयुष्यभर साहाय्यकच राहिला. त्यांनी लग्न केले नाही. ‘द वेक्स’ हे घर, त्यामागची बाग, भावंडांचा आणि भाच्या-पुतण्यांचा मोठा गोतावळा, असा संसार. घोडागाडीत बसले की त्यांना मळमळे, म्हणून प्रवास शक्यतो घोड्यावरून आणि जवळच्या जवळ. जगभर फिरून नमुने गोळा करणाऱ्या निसर्ग अभ्यासकांचा तो काळ होता. व्हाइट मात्र एकाच जागी चाळीस वर्षे बघत राहिले. मोठ्या नेमणुकीची वाट चुकली, त्याचा निसर्गशास्त्राला फायदाच झाला म्हणायचा.

नोंदी कशा ठेवल्या जात?

सुरुवात बागेपासून झाली. १७५१ पासून ते बागेचे रोजनिशीवजा टिपण लिहू लागले. काय पेरले, खरबुजाच्या वाफ्यात किती शेणखत घातले, कधी उगवले, असा सगळा शेतकरी थाट. १७६८ पासून त्याला शिस्त आली. डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडित मित्राने निसर्ग नोंदींसाठी छापील तक्ते तयार केले होते. लंडनमध्ये पुस्तकांचा व्यवसाय करणारे व्हाइट यांचे भाऊ बेंजामिन यांनी ते छापले. त्यात तारखेपुढे वायुभारमापक, तापमापक, वारा, पाऊस, हवेचे वर्णन, कोणत्या झाडाला पालवी फुटली, कोणते फूल उमलले, कोणता पक्षी आला किंवा दिसेनासा झाला, असे रकाने होते. व्हाइट हे तक्ते जून १७९३ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत भरत होते.

१७७९ पासून पावसाचेही मोजमाप सुरू झाले. १७८२ हे वर्ष फार ओले गेले, त्या वर्षी ५० इंचांहून थोडा जास्त पाऊस मोजला गेला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आधीच्या दोन वर्षांची बेरीज प्रत्येकी तीस इंचांच्या आसपासच होती. व्हाइट बाहेरगावी गेले की त्यांचा जुना नोकर टॉमस होर पावसाचा हिशेब ठेवी. व्हाइट यांचे मेहुणे टॉमस बार्कर हे रटलंड परगण्यात लिंडन येथे राहून हवामानाच्या नोंदी करत. एक भाऊ लंडनच्या दक्षिणेला साउथ लँबेथला, दुसरा लँकशरमध्ये ब्लॅकबर्नला. म्हणजे घरातल्या घरातच एक छोटे निरीक्षण जाळे उभे राहिले होते आणि टपालखाते त्याचे इंटरनेट होते. थंडी सगळीकडे सारखी नसते, हे व्हाइट यांच्या लक्षात आले ते या पत्रव्यवहारामुळेच.

जानेवारी १७७६ मध्ये काय घडले?

युरोपातल्या ज्या थंड शतकांना हवामानशास्त्रात ‘लघु हिमयुग’ म्हणतात, त्याच्या उत्तरार्धातले व्हाइट यांचे आयुष्य. कडक हिवाळे त्यांनी बरेच पाहिले. त्यातले तीन त्यांनी पुस्तकात सविस्तर मांडले. १७६८, १७७६ आणि १७८४.

१७७६ चा हिवाळा सुरू झाला तो पावसाळी हवेनंतर. ७ जानेवारीला बर्फ पडू लागला आणि १२ तारखेपर्यंत हिम, गारठा, गारांचा पाऊस असे चालू राहिले. फाटके बर्फाखाली गाडली गेली, खोलगट वाटा काठोकाठ भरल्या. १४ तारखेला व्हाइट यांना बरेच हिंडावे लागले. एवढी सैबेरियासारखी हवा त्याआधी किंवा त्यानंतर आपण अनुभवली नाही, अशी नोंद त्यांनी पुढे केली. कोंबड्या खुराड्याबाहेर यायला तयार नव्हत्या. बर्फाच्या लखलखाटाने त्या भांबावून जातात आणि कोणी सांभाळले नाही तर मरतात, हे त्यांनी टिपले. ससे भुकेने कासावीस होईपर्यंत जागचे हलत नव्हते. बर्फात उमटलेली पावले आपला माग देतात हे सशाला कळते, असे व्हाइट यांचे म्हणणे. ते शास्त्रीय निरीक्षण म्हणायचे की करुणा, हे ठरवणे कठीण आहे.

त्याच आठवड्यात राणीच्या वाढदिवसासाठी बाथहून लंडनला निघालेली बडी मंडळी मार्लबरोला अडकून पडली. बर्फ उपसून वाट करून द्या म्हणून मजुरांना मोठी बक्षिसे देऊ केली गेली. उपयोग झाला नाही.

व्हाइट स्वतः २२ जानेवारीला लंडनला गेले. तिथे त्यांना सगळ्यात विचित्र वाटली ती शांतता. दगडी रस्त्यांवर बर्फाचा एवढा जाड थर होता की गाड्या आवाज न करता सरकत होत्या. महिनाअखेरीस गारठ्याने कळस गाठला. साउथ लँबेथला लागोपाठ चार रात्री पारा ११, ७, ६ आणि ६ अंश फॅरनहाइटवर उतरला. सेलबोर्नच्या घरीही नोंद थांबली नव्हती. तिथे ३१ जानेवारीला सूर्योदयाच्या जरा आधी पारा बरोबर शून्य अंश फॅरनहाइटवर गेला. आपल्या भाषेत उणे १८ अंश सेल्सियसच्या जवळपास. त्याच वेळी लिंडनला, म्हणजे आणखी उत्तरेला, मेहुण्यांचा तापमापक १९ अंश फॅरनहाइट दाखवत होता. उत्तरेपेक्षा दक्षिण अधिक गार. कडाक्याची थंडी सरसकट न पसरता पट्ट्यापट्ट्याने वाहते की काय, असा अंदाज व्हाइट यांनी त्यावरून बांधला.

या रात्रींत उबदार खोल्यांतही, पलंगाखालीसुद्धा पाणी गोठले. टेम्स नदी गोठली आणि लोक तिच्यावरून धावू लागले. लंडनमधल्या छपरांवर बर्फ २६ दिवस टिकला. मग १ फेब्रुवारीला, काही कारण दिसत नसताना, एकदम वितळण सुरू झाली. ३ फेब्रुवारीला साउथ लँबेथच्या अंगणात बारीक किडे थव्याने नाचत होते. जणू काही झालेच नव्हते. एवढ्याशा शरीरातला रस गोठला कसा नाही, या प्रश्नाने व्हाइट चक्रावले. अनेक कीटकांच्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये तयार होतात आणि ती गोठण्यापासून वाचवतात, हे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

बर्फ गेल्यावर त्यांनी नुकसानीचा ताळेबंद मांडला. गहू चांगला दिसत होता. सलगमही वाचले होते. सदाहरित झुडपांना झळ लागली, पण ती दक्षिणेच्या, उन्हाच्या बाजूला. त्याच झुडपाची उत्तरेची बाजू हिरवीगार होती. हे उलटे वाटते. व्हाइट यांचा तर्क असा होता की नुसती थंडी झाडाला तेवढी मारत नाही. दिवसा उन्हाने अर्धवट वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो, तो पानांचा घात करतो. म्हणून त्यांनी फांद्यांवरचा बर्फ रोजच्या रोज झाडून घेतला होता आणि ती झाडे तगली. पक्ष्यांचा हिशेब मात्र वाईट होता. कस्तूर आणि ब्लॅकबर्ड बहुतेक सगळे मेले. तित्तिर काही थंडीने गेले, काही बर्फात सहज सापडले म्हणून चोरट्या शिकाऱ्यांनी नेले. पुढच्या विणीसाठी मोजकेच उरले.

पण मग सगळेच पक्षी का मरत नाहीत?

हाच व्हाइट यांचा खरा विषय होता. धान्य फोडून खाणाऱ्या जाड चोचीच्या पक्ष्यांचे हिवाळ्यात कसेबसे भागते, हे उघड आहे. पण मऊ, बारीक चोचीच्या किडेखाऊ पक्ष्यांचे काय? हवेत किडा नाही, जमीन दगडासारखी. तरी त्यांतले कितीतरी पक्षी गावातच राहतात. थॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या एका पत्रात व्हाइट यांनी प्रत्येकाची खाणावळ कुठे आहे ते सांगितले आहे.

धोबी पक्षी झऱ्याच्या उगमाजवळच्या उथळ पाण्यात फिरतो, कारण जमिनीतून नुकतेच वर आलेले पाणी गोठत नाही. तिथे तो पाणकिड्यांचे कोष टिपतो. (करडा धोबी महाराष्ट्रातल्या ओढ्यांवरही हिवाळ्यात शेपटी हलवत येतो, तोही असाच पाण्याचा काठ धरून असतो.) रॉबिन आणि रेन हे दोघे तबेले, गोठे, धान्याची कोठारे गाठतात. तिथल्या कानाकोपऱ्यांत कोळी आणि माश्या थंडीपासून दडून बसलेल्या असतात. डनॉक नावाचा चिमणीसारखा दिसणारा साधा पक्षी मोरीच्या तोंडाशी आणि गटारांपाशी येतो, खरकट्यातले कण वेचतो. आणि या सगळ्यांचा मोठा आधार म्हणजे फुलपाखरे आणि पतंगांचे असंख्य कोष. ते फांद्यांना, कुंपणाच्या फळ्यांना, भिंतींच्या भेगांना चिकटलेले असतात. माणसाला हिवाळ्यातली बाग रिकामी दिसते. पक्ष्याला ती भरलेली कोठी असते, फक्त बर्फाने तिचे दार लावले नाही तर.

टिट पक्ष्यांवर व्हाइट यांचा विशेष जीव. मराठीत यांना वल्गुली म्हणतात आणि त्यांच्या भावकीतला राखी रंगाचा पक्षी सह्याद्रीतही दिसतो. व्हाइट यांच्या मते या पक्ष्यांची चोच ना मऊ ना कठीण, मधलीच, आणि म्हणूनच ते कशावरही निभावून नेतात. गाढ बर्फ पडला असताना ग्रेट टिट गवताने शाकारलेल्या छपराच्या वळचणीला उलटा लटकतो, एकेक काडी लांबीच्या दिशेने ओढून काढतो आणि आत लपलेल्या माश्या खातो. हे करणारे पक्षी इतके असत की छपराची पार रया जाई. घरमालकाने यावर काय म्हटले असेल याची कल्पना करता येते, पण व्हाइट यांना ते दृश्य बेहद्द आवडले होते. ब्लू टिट त्याहून धीट. तो खाटकाच्या दुकानाशी घुटमळे, उकिरड्यावरची हाडे टोची, चरबीवर तर जीव टाकी. व्हाइट लहान असताना उंदराच्या सापळ्यांत चरबी लावून एका सकाळी वीस ब्लू टिट पकडल्याचे त्यांनी पाहिले होते. पक्ष्यांसाठी अंगणात चरबीचे गोळे टांगायची आज इंग्लंडमध्ये पद्धत आहे. त्या काळी त्याच चरबीने त्यांना मारत असत.

याला अपवाद लांब शेपटीच्या टिटचा. कितीही थंडी पडो, तो घरांकडे येत नाही, रानातच राहतो. गोल्डक्रेस्ट तर त्याहून चिमुकला. वजन पाच-सहा ग्रॅम, जेमतेम चमचाभर साखरेइतके. तोही माणसाच्या आश्रयाला येत नाही आणि तरी हिवाळा काढतो, याचे व्हाइट यांना नवल वाटे. त्या नवलामागे शरीराचे साधे गणित आहे. जीव जितका लहान, तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ जास्त आणि उष्णता तितकी लवकर निसटते. शरीराचे तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचे तर दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्रभर जाळावी लागते. दक्षिण इंग्लंडमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. आठ तासांत सोळा तासांची बेगमी करायची. त्यात बर्फाने खाणे झाकले गेले तर एक-दोन रात्रींतच पक्षी संपतो. म्हणजे पुष्कळ पक्ष्यांच्या बाबतीत थंडीपेक्षा भूक मारते. हे लांब शेपटीचे टिट रात्री फांदीवर एकमेकांना बिलगून एका ओळीत बसतात आणि ऊब वाचवतात, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले.

कस्तूर आणि ब्लॅकबर्ड १७७६ मध्ये मेले आणि टिट मात्र तगले, याचे उत्तर या यादीतच सापडते. कस्तुराची भिस्त जमिनीतल्या गांडुळांवर, गोगलगायींवर आणि झुडपांवरच्या फळांवर. जमीन तीन आठवडे गोठली आणि फळे संपली की त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो. टिटकडे वळचण असते, कुंपण असते, खाटकाचे दुकान असते.

हिवाळ्यातल्या थव्यांबाबत व्हाइट यांनी आणखी एक गोष्ट पकडली होती. शेतांत उतरणाऱ्या चॅफिंच पक्ष्यांच्या मोठाल्या थव्यांत जवळपास सगळ्या माद्याच असत. नर गेले कुठे? स्वीडनमध्ये माद्या स्थलांतर करतात आणि नर मागे राहतात, असे लिनियस यांनी लिहिले होते. मग या माद्या उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या असाव्यात, असा अंदाज त्यांनी केला. अंदाज योग्य दिशेने होता.

दरी टेकडीपेक्षा गार कशी?

डिसेंबर १७८४ च्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा बर्फ पडला. ९ तारखेच्या संध्याकाळी हवा इतकी बोचरी झाली की व्हाइट यांनी दोन तापमापक बाहेर टांगले, एक मार्टिन यांच्या बनावटीचा आणि दुसरा डॉलंड यांचा. मार्टिन यांच्या तापमापकावरच्या खुणा शून्याच्या वर चार अंशांपर्यंतच होत्या. पारा त्याखाली घसरला आणि थेट पितळी टोपणात जाऊन बसला. हवा सगळ्यात मोलाची झाली तेव्हाच यंत्र निकामी. डॉलंड यांचा तापमापक १० डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता उणे एक अंश फॅरनहाइटवर होता. वारा अजिबात नव्हता.

जवळच टेकडीवर न्यूटन नावाचे गाव आहे. सेलबोर्नला एवढी थंडी, तर उंचावरच्या न्यूटनला किती असेल, म्हणून चौकशी केली. तिथला पारा १७ अंशांवर होता! हे काही तरी चुकते आहे असे वाटून व्हाइट यांनी आपला एक तापमापक न्यूटनला पाठवला. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन्ही तंतोतंत सारखे. म्हणजे यंत्र बरोबर होते, समजूत चुकीची होती. त्या रात्री टेकडी दरीपेक्षा १८ अंश फॅरनहाइटने, म्हणजे दहा अंश सेल्सियसने उबदार होती. पुढे त्या सबंध गारठ्यात दहा-बारा अंशांचा फरक टिकून राहिला. झाडांनीही साक्ष दिली. सेलबोर्नला जी सदाहरित झाडे करपली, त्याच जातीच्या झाडांचे न्यूटनला एक पानही गळले नाही.

आज याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खोलगट भागात साचते. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. वारा सुटला किंवा ढग आले की हा साचलेला गारवा मोडतो. वेण्णा तलावाच्या खोलगटात हिमकण दिसतात आणि गावात दिसत नाहीत ते यामुळेच. निफाड परिसरातले द्राक्ष बागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेही जमिनीलगतच्या याच थराशी भांडण असते. खोलगटातल्या बागेचा मालक जास्त धास्तावलेला असतो, हे तिथल्या कोणालाही विचारावे.

त्या दोन दिवसांतल्या बाकी नोंदीही वाचण्यासारख्या आहेत. तळघरात न ठेवलेले ब्रेड, चीज, मांस, बटाटे, सफरचंदे सगळे गोठले. १० तारखेला लख्ख ऊन असताना हवेत बर्फाच्या सुया तरंगत होत्या. व्हाइट यांच्या दिवाणखान्यातल्या मांजरीच्या केसांत स्थिर विजेचा एवढा भार साठला होता की तिला गोंजारणेही जपून करावे लागले असते. बर्फात सशांचा माग काढणाऱ्या दोघांचे पाय गोठले. कोठारात मळणी करणाऱ्या दोघांच्या बोटांना हिमदंश झाला आणि जखमा भरायला कित्येक आठवडे लागले. मळणीवाल्यांचे काम शिकाऱ्यांपेक्षा चांगले होते, एवढा शेरा मारायला धर्मोपदेशक विसरले नाहीत.

माळभिंगरी हिवाळ्यात जाते कुठे?

इथे मात्र व्हाइट आयुष्यभर अडखळले. माळभिंगरी आणि तिच्या भाऊबंदांवर त्यांनी केलेले लिखाण त्यांच्या सर्वोत्तम कामात गणले जाते. पण शरद ऋतू सरला की हे पक्षी नाहीसे होतात, ते दूरदेशी जातात की इथेच कुठे तरी बिळात, पोकळीत झोप घेतात? पाण्याखाली जातात असेही त्या काळी विद्वान मानत. तक्ते तयार करणारे बॅरिंग्टन स्थलांतराच्या कल्पनेचे कट्टर विरोधक होते. उलट व्हाइट यांचे बंधू जॉन जिब्राल्टरला लष्करी धर्मोपदेशक होते. ऋतुबदलाच्या वेळी या पक्ष्यांचे लोंढे सामुद्रधुनी ओलांडतात, असे त्यांनी प्रत्यक्ष पाहून कळवले होते.

व्हाइट यांनी भावावर विश्वास ठेवला, पण पुरता नाही. कारण त्यांच्या स्वतःच्या वहीत त्याविरुद्ध जाणाऱ्या नोंदी होत्या. सगळे पक्षी गेल्यावर आठवडे उलटतात आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या उबदार दुपारी दोन-चार पक्षी अचानक दिसतात. वसंतात आलेले पक्षी थंडी परतली की पुन्हा गायब होतात. मग काही तरी गावातच दडून राहत असतील, ही शंका त्यांच्या डोक्यातून गेली नाही. बिळे, झुडपांची मुळे, जुनी छपरे शोधून झाली. झोपलेला एकही पक्षी सापडला नाही, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. डोळ्यांना जे दिसले त्याच्याशी इमान राखणाऱ्या माणसाला उशिरा दिसलेल्या त्या दोन-चार पक्ष्यांनी चकवले. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये पायात कडी घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा या वादावर शेवटचा पडदा पडला. महाराष्ट्रात हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्याही अशाच उत्तरेकडून आलेल्या असतात.

खरोखर हिवाळी झोप घेणारा एक प्राणी मात्र त्यांच्या अंगणात होता, टिमथी नावाचे कासव. आत्याच्या मृत्यूनंतर १७८० मध्ये व्हाइट यांनी ते ससेक्समधून आणले. थंडी लागली की टिमथी मातीत पुरून घेई आणि वसंतात वर येई. त्याच्या प्रत्येक हालचालीची तारीख वहीत पडे. टिमथी व्हाइट यांच्यानंतर साधारण वर्षभर जगला. त्याचे कवच आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तपासणीत तो मादी असल्याचे निघाले.

पुस्तकाचे पुढे काय झाले?

पेनंट आणि बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या ११० पत्रांच्या रूपात ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न’ हे पुस्तक डिसेंबर १७८८ मध्ये बाहेर आले. मुखपृष्ठावर वर्ष १७८९ आहे. प्रकाशक अर्थातच बंधू बेंजामिन. यातली सगळीच पत्रे टपालात पडलेली नव्हती. हिवाळ्यांवरची शेवटची पत्रे तर नोंदवहीवरून पुस्तकासाठीच रचलेली आहेत. तेव्हा व्हाइट ६८ वर्षांचे होते. आवाजावरून तीन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पर्णवटवट्यांना वेगळे ओळखणे, शेतातल्या चिमुकल्या हार्वेस्ट माउसची ब्रिटनमधली पहिली ओळख, जमिनीच्या सुपीकतेत गांडुळांचा वाटा, असे कितीतरी त्यात आहे. चार्ल्स डार्विन यांनी ते शाळकरी वयात वाचले आणि पक्षी बघायला लागले. पुढे त्यांनी गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले.

२६ जून १७९३ रोजी व्हाइट यांचे निधन झाले. सेलबोर्नच्या चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. दगडावर आद्याक्षरे आणि तारीख, बाकी काही नाही. ‘द वेक्स’ आता संग्रहालय आहे.

कोणते झाड कधी फुलले, कोणता पक्षी कधी आला, या नोंदींच्या शास्त्राला आज ‘फेनॉलॉजी’ म्हणतात. नॉरफोकचे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून अशा नोंदी ठेवल्या होत्या आणि व्हाइट यांच्या शेवटच्या तीन वर्षांत दोघांचा पत्रव्यवहारही होता. वसंत किती लवकर येऊ लागला आहे, हे मोजताना हवामान बदलाच्या अभ्यासकांना अशा जुन्या वह्या लागतात. अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी तर आता मोबाइलवर होते. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारतातले पक्षीनिरीक्षक २०१३ पासून भाग घेतात. किमान १५ मिनिटे एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’वर भरायचे, एवढेच काम. जागा, तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, संख्या असे रकाने त्यात आहेत. पाऱ्यासाठी मात्र वेगळा रकाना नाही, तो टिपणाच्या चौकटीत स्वतःहून लिहावा लागतो.